सोळा नंबरचं मीटर

वहीत सोळा नंबरच्या फ्लॅटपुढं मी '२' लिहिलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पाण्याच्या मीटरांच्या डक्टमध्ये टॉर्च धरून उभा असलेला वॉचमन म्हणाला, "बाई, ह्यांचं कायम असंच येतंय."

दोन युनिट. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. दोन महिन्यांत २,००० लिटर, म्हणजे दिवसाला ३३. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असं सरकारी नियमावलीत धरलेलं आहे. इथं त्याच्या पावपटही नव्हतं. बाकीच्या फ्लॅटमध्ये चार-चार माणसं, त्यांची युनिटं २८, ३१, ३४ अशी. सोळा नंबरात आण्णा एकटेच राहतात हे खरं, पण एकट्या माणसालाही अंघोळ आहे, कपडे आहेत, भांडी आहेत.

आमची सोसायटी कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्याला चार असे १६ फ्लॅट. नळाचं पाणी पहाटे येतं, ते आधी भुयारी टाकीत पडतं, मग मोटर लावून जिन्याच्या टोपीवरच्या टाकीत चढवायचं, आणि तिथून ते आपल्या वजनानं सगळ्यांच्या घरात उतरतं. रस्त्याकडच्या भिंतीपाशी एक मोठं मीटर आहे, बिल येतं ते त्याच्यावर. ते बिल सगळ्यांत वाटून घेता यावं म्हणून आम्हीच २०१४ मध्ये प्रत्येक फ्लॅटला एक छोटं मीटर बसवून घेतलं. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळं सचिवपद आणि ही वही दोन्ही माझ्याकडं आली.

त्या दोन महिन्यांचा हिशेब असा होता : मोठ्या मीटरवर ६१२ युनिट, सोळा छोट्या मीटरांची बेरीज ४९७. मधली ११५ युनिटं कुणाच्याच नावावर नव्हती. फरक दर वेळी निघायचा, आम्ही तो सगळ्यांत सारखा वाटायचो, आणि दर वेळी थोडी कुरकुर व्हायची. या वेळी बिल वाढून आलेलं, त्यामुळं मीटिंगला सगळे जमले. मी आकडे वाचून दाखवले. सोळा नंबरचा आकडा ऐकल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मग कुणीतरी म्हणालं, "मॅग्नेट लावला आसंल." दुसरं कुणीतरी म्हणालं, "एसटीत कंडक्टर होते न्हवं, हिशेबाला पक्के." आण्णा मीटिंगला नव्हते. लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती, आणि गुडघ्यामुळं ते चार जिने शक्यतो उतरत नाहीत.

ठराव झाला. 'वापराशी विसंगत नोंद' असे शब्द मी स्वतः लिहिले. सरासरी फ्लॅटच्या ३१ युनिटांप्रमाणं आकारणी, म्हणजे २९ युनिटांचा फरक, आमच्या आपसातल्या २० रुपये दरानं ५८० रुपये. पत्र वॉचमनच्या हाती वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा भिंतीला धरत धरत खाली आले, ५८० रुपये मोजून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पावती द्या बाई." दुसरा शब्द नाही. मी पावती दिली. ते पुन्हा जिना चढायला लागले आणि प्रत्येक पायरीवर थांबत वर गेले. लिफ्ट अजून बंदच होती.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याला कारण गणिताचंच होतं. आण्णांनी खरोखर मीटर अडवून बाकीच्यांइतकी ३१ युनिटं वापरली असती, तरी ११५ मधून २९ वजा होऊन ८६ युनिटं शिल्लकच राहत होती. ती कुठं गेली? वर्गात सहावीच्या मुलानं असं अर्धवट उदाहरण सोडवून आणलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. मीटिंगमध्ये मात्र मी तेच अर्धवट उत्तर मान्य करून त्याखाली सही केली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे साडेपाचला मोठ्या मीटरपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले.

ज्यांनी कधी नळाचं पाणी येताना मीटर बघितलेलं नाही त्यांनी एकदा बघावं. कोपऱ्यावर चावीवाला येतो, रस्त्यातलं झाकण उघडून लांब दांड्याची चावी फिरवतो. मिनिटभरानं आपल्या पाइपात सुस्कारे ऐकू येतात, मग फुसफुस, आणि मीटरमधला लाल काटा एकदम गरगरायला लागतो. टाकीत मात्र एक थेंब पडलेला नसतो. रात्रभर रिकाम्या झालेल्या लाइनीत हवा भरलेली असते, मागून येणारं पाणी तिला पुढं ढकलतं, आणि ती आमच्या मीटरमधून वाट काढते. मीटरच्या पोटात एक फिरकी असते. तिला पाणी आणि वारा यांतला फरक कळत नाही, जे येईल त्यानं ती फिरते. "हवेचं बिल भरतोय आपण" हे वाक्य आमच्याकडं दर मीटिंगला कुणीतरी म्हणतंच. मी मोजलं. पहिला थेंब टाकीत पडेपर्यंत मीटर ३८ लिटर पुढं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ३५, तिसऱ्या दिवशी ४१. म्हणजे ६० दिवसांत साधारण सव्वादोन युनिटं. ११५ मधली सव्वादोन! इतकी वर्षं आम्ही ज्या हवेला शिव्या देत होतो तिचा वाटा शंभरात दोनसुद्धा नव्हता. पाणी जिथं चार-चार दिवसांनी येतं किंवा जी घरं लाइनीच्या उंच टोकाला आहेत तिथं हा आकडा मोठा असणार, यात शंका नाही. पण आमच्याकडं नव्हता, आणि कुणी कधी मोजला नव्हता.

हवेला वाट करून द्यावी लागते, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, त्या नळाच्या वाटेवर हवा बाहेर पडायला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले आहेत. नावच किती नेमकं आहे. पहाटे आमच्या पाइपातले सुस्कारे ऐकताना मला तो शब्द आठवायचा.

सकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या कुठल्या तरी बंगल्यातून मोटरची घरघर सुरू व्हायची आणि आमचा काटा डोळ्यांदेखत मंदावायचा. नळालाच थेट मोटर जोडून पाणी ओढायचं, हा प्रकार सगळीकडं चालतो. ज्याच्याकडं मोटर नाही तो लाइनीच्या शेवटी हंडा घेऊन वाट बघत बसतो. त्याहून वाईट म्हणजे, लाइनीत दाब नसताना अशी ओढ लागली की फुटक्या सांध्यातून गटारीचं पाणी आत खेचलं जातं. कावीळ आणि जुलाबाची साथ आली की आपण पाणी उकळतो. मोटर कुणी काढत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

आठ वाजता टाकी भरत आली की पाण्यावरचा गोळा वर चढतो आणि कॉक बंद होऊ लागतो. तो एकदम बंद होत नाही. धार बारीक होत होत दोऱ्याएवढी होते, आणि एक वेळ अशी येते की टाकीत पाणी पडताना दिसतं आहे पण मीटर थांबलेलं आहे. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं मीटर बिघडलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ते रोजच व्हायचं. म्हणजे हवेचे ३८ लिटर आमच्यावर चढत होते, तसे या दोऱ्याएवढ्या धारेचे काही लिटर आम्हाला फुकट मिळत होते. त्यांच्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

या दोऱ्याएवढ्या धारेनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. घरगुती मीटरच्या अंगावर बारीक अक्षरांत आयएस ७७९ हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो, प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो आणि ए किंवा बी असा वर्ग असतो. अर्ध्या इंचाचं, म्हणजे १५ मिलिमीटरचं, आमच्यासारखं बी वर्गाचं मीटर तासाला १२० लिटरच्या वर पाणी वाहत असेल तर शंभरात दोनपेक्षा जास्त चुकता कामा नये. १२० पासून खाली ३० पर्यंत शंभरात पाच चुकलं तरी चालतं. आणि तासाला ३० लिटरच्या खाली? तिथं मीटर काय दाखवेल याची हमी मानक देतच नाही. फिरकीला जागचं हलवायला पाण्याचा थोडा तरी जोर लागतो. तो नसला तर पाणी तिच्या बाजूनं निघून जातं. तासाला ३० लिटर म्हणजे लिटरचा लोटा भरायला दोन मिनिटं. त्याहून बारीक धार असेल तर नवं मीटरसुद्धा तिच्याकडं पाठ फिरवू शकतं, आणि आमची मीटरं दहा वर्षांची. त्यात ऑगस्ट २०१९ चा महापूर येऊन गेलेला. त्या वेळी पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, उपसा केंद्रं बुडाली, चहूबाजूंनी पाणी आणि नळ कोरडे, अशा अवस्थेत आम्ही टँकरमागं पळत होतो. नंतर आलेलं पहिलं पाणी चहासारखं होतं. आता नळवाल्याला बोलावून तीन मीटरं उघडली, तर जाळीला तांबडा गाळ घट्ट बसलेला मिळाला, इतकी वर्षं.

मग मी बादली काढली. २० लिटरची म्हणून घेतलेली ती बादली दुधाच्या लिटरच्या मापानं भरली तर काठोकाठ १८ लिटरच मावले. आत १५ लिटरवर नेलपॉलिशनं रेघ मारली आणि तीच आमची प्रयोगशाळा. पहिल्या मजल्यावर नळ पूर्ण उघडला की ही १५ लिटर सव्वा मिनिटात भरायची. चौथ्या मजल्यावर बरोबर दुप्पट वेळ. कारण सरळ आहे. वरच्या टाकीपासून चौथ्या मजल्याचा नळ जेमतेम ३ मीटर खाली, पहिल्या मजल्याचा १२ मीटर. उंची चौपट झाली की धार दुप्पट होते, चौपट नाही, हे मी कितीतरी वर्षं फळ्यावर वर्गमूळ काढून शिकवलं, पण आमच्याच जिन्यात ते खरं असतं हे निवृत्तीनंतर कळलं. वरच्या मजल्यावरच्या बायका "आमचं वॉशिंग मशीन पाणीच घेत नाही" म्हणून तक्रार करायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या म्हणायच्या, "आमचं तर बरोबर चालतंय." दोघींचं खरं होतं.

पूर्ण धारेला बहुतेक मीटरांनी १५ लिटरचे साडेचौदा-पावणेपंधरा दाखवले. बोटाएवढ्या धारेला १४. दोऱ्याएवढ्या धारेला पाचांनी काही म्हणजे काहीच दाखवलं नाही.

बाकीचा शोध कष्टाचा, पण सांगायला सोपा. भुयारी टाकी ४ मीटर बाय अडीच मीटर. रात्री अकराला सगळं बंद करून भिंतीवर खडूनं खूण केली, सकाळी सातला नळ बंदच ठेवून बघितलं तर पाणी एक सेंटिमीटर उतरलेलं. एक सेंटिमीटर म्हणजे १०० लिटर, दिवसाला ३००, दोन महिन्यांत १८ युनिटं मुरून जात होती. पार्किंग धुणं आणि झाडांना पाणी घालणं यांना मीटरच नव्हतं, ती १७. मोटर बंद करायची राहून वरची टाकी वाहिली त्याची पाच, हा अंदाज वॉचमनच्या प्रामाणिक कबुलीवरून.

राहिली घरं.

संडासाच्या फ्लशची टाकी गळते की नाही हे बघायला एक सोपी युक्ती आहे. टाकीत कपड्यांची नीळ चार थेंब टाकायची आणि अर्धा तास फ्लश ओढायचा नाही. भांड्यात निळी रेघ उतरली तर टाकी गळते आहे. मी निळीची बाटली घेऊन दारोदार फिरले. सोळापैकी नऊ घरांत निळी रेघ निघाली. सगळ्यात ठळक रेघ माझ्या घरात. मी मागचा नळ बंद करून, टाकीत खूण करून, लोट्यानं भरपाई करून मोजलं. १२ मिनिटांना एक लिटर. तासाला ५ लिटर, दिवसाला १२०, दोन महिन्यांत ७ युनिटांहून जास्त. आणि मीटरवर? शून्य. गेल्या किती महिन्यांपासून कुणास ठाऊक, दोन महिन्यांत ७,००० लिटर पिण्याचं पाणी माझ्या घरातून गटारीत जात होतं आणि माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती. नऊ घरांचं मिळून हे ५४ युनिटांच्या घरात गेलं.

शेवटचं घर सोळा नंबर. पत्रानंतर मी पहिल्यांदाच जात होते. रात्रीचे नऊ वाजलेले. आण्णांनी दार उघडलं, "या बाई," म्हणाले, आणि मी निळीचं सांगितल्यावर काही न बोलता मोरीकडं बोट दाखवलं. फ्लशमध्ये नीळ टाकून मी वाट बघत उभी राहिले आणि मला ते दिसलं.

मोरीत एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यावरच्या नळाच्या तोंडाला जुन्या धोतराची चिंधी बांधलेली, हातभर लांब, खाली पिंपात सोडलेली. चिंधीवरून पाणी उतरत होतं. आवाज नाही, शिंतोडे नाहीत. जवळ वाकल्यावरच कळत होतं की कापड ओलं आहे आणि त्याच्या टोकाला पाण्याचा अखंड दोरा आहे.

"हे कधीपासून असं भरता?"

"कायमच. रातीला सोडायचं, बाराला पिंप भरतंय. तसंबी बाराला जाग येतीच."

मी त्यांचा लोटा मागितला आणि चिंधीखाली धरला. लिटरचा लोटा भरायला तीन मिनिटं लागली. तासाला २० लिटर. मग टॉर्च घेऊन डक्ट उघडलं. मीटरच्या तबकडीत चांदणीसारखी एक बारीक चक्री असते, पाणी वाहायला लागलं की सगळ्यात आधी ती हलते. ती स्वस्थ होती. मी तिच्याकडं पाच मिनिटं बघत राहिले. आत पिंप भरत होतं, आणि ती जागची हलली नाही.

अशी धार सोडून मुद्दाम मीटर चुकवणारी माणसं असतात, मला माहीत आहे. म्हणून मी सरळ विचारलं. आण्णांना प्रश्न समजायलाच वेळ लागला. बारीक धारेला मीटर पळत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी समजावलं तेव्हा ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "म्हंजे, मी चोरीचं पाणी भरत हुतो?"

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले.

मग ते बोलले. गाव जतकडचं. ७२ च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे. विहिरीच्या तळाला खडकातून पाण्याचा पाझर यायचा, बोटाएवढासुद्धा नाही. रात्री घागर खाली लावून खडकाच्या कपारीत चिंधी कोंबायची, म्हणजे पाणी इकडं तिकडं न पसरता चिंधीवरून सरळ घागरीत उतरायचं. एक घागर भरायला दोन तास. तोवर वर कुणीतरी जागं राहायचं, दुसऱ्यानं घागर ओढू नये म्हणून. "पाणी असंच भरायचं असतंय, असंच डोस्क्यात बसलंया. नळ मोठा सोडला की पोटात गोळा येतोय." बायको होती तेव्हा ती चिडायची, मग तिलाही सवय झाली.

आणि मोरीच्या दाराशेजारी भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, दूधवाल्याच्या हिशेबासारख्या. एका पिंपाला एक रेघ. महिना झाला की ओल्या फडक्यानं पुसायच्या. "दिवसाला एक पिंप, त्याच्या वर न्हाई. हिनंच घालून दिलंया." त्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती.

पिंप ६० लिटरचं. त्यांच्याकडं मागच्या महिन्याचा आकडा कॅलेंडरवर लिहिलेला होता आणि चालू महिन्याच्या रेघा भिंतीवर. दोन्ही मिळून ५४, मधले सहा दिवस लेकीकडं गेले होते. ५४ गुणिले ६०, म्हणजे ३,२४० लिटर. स्वयंपाकघरातला नळ आणि फ्लश पूर्ण धारेनं चालतात, त्यांची मीटरवरची दोन युनिटं खरी. एकूण सव्वापाच. ज्या ११५ युनिटांसाठी आम्ही या माणसाला पत्र पाठवलं, त्यांतली त्यांची सव्वातीन होती. माझी सात.

निळी रेघ त्यांच्या भांड्यात उतरली नव्हती.

पुढच्या मीटिंगला मी फळा मागवला आणि सगळं मांडलं. मुरणारी टाकी, धुणं-झाडं, वाहिलेली टाकी, हवा, नऊ घरांची गळती, सोळा नंबरचं पिंप. बेरीज ९९ च्या आसपास. सोळाएक युनिटांचा पत्ता मला अजूनही लागलेला नाही. जुन्या मीटरांनी पूर्ण धारेतही थोडं थोडं खाल्लं असेल, असं मी धरते. माझ्या घराचा आकडा मी सगळ्यात आधी लिहिला. ठराव रद्द झाला, ५८० रुपये परत द्यायचे ठरले, आणि ज्यानं मॅग्नेटचं नाव काढलं होतं तोच पैसे घेऊन वर गेला. तो बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "चहा केला त्यांनी."

मीटर वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. उलट मीटर नसतं तर ही गळती कधीच सापडली नसती. पण नळाला पाणी कसं येतं यावर मीटर काय बघणार हे ठरतं, आणि घरातली माणसं पाणी कसं हाताळणार हेही त्यावरच ठरतं. माझी धाकटी बहीण कराडजवळ मलकापूरला राहते. त्या गावानं दीड दशकापूर्वीच चोवीस तास पाणी सुरू केलं, घरोघर मीटर लावलं आणि जास्त वापराला चढता दर ठेवला. तिच्या घरी पहिल्यांदा राहिले तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तिच्या घरात 'पाणी भरणं' हे कामच नाही. पिंप नाही, हंडा नाही, "पाणी आलं का?" म्हणून कुणी कुणाला हाक मारत नाही. लागेल तेवढा नळ उघडायचा, बंद करायचा. लाइनीत कायम दाब, म्हणून हवा शिरायला जागा नाही, आणि मोठी टाकी नाही म्हणून गोळ्याच्या कॉकची ती दोऱ्याएवढी धारही नाही.

आमच्याकडं मात्र "उद्या पाणी येणार नाही" असा निरोप आला की काय होतं ते वहीत स्पष्ट दिसतं. आदल्या दिवशीचा वापर जवळजवळ दीडपट. बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून ठेवायचं. परवा पाणी आलं की ते भरलेलं 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. मीही हे आयुष्यभर केलं. आईनं केलं, म्हणून मी केलं. झाकून ठेवलेलं नळाचं पाणी एका दिवसात शिळं होत नाही, पण हात ऐकत नाही. आणि पाणी आल्याचं कळावं म्हणून नळ उघडा ठेवून झोपणारी घरं किती, ते तर मोजणंच कठीण. पाण्याची खात्री नसली की माणूस एक तर उधळतो, नाही तर आण्णांसारखा चिंधी बांधतो.

नऊ घरांचे फ्लश दुरुस्त झाले. पाचशे-सहाशे रुपयांत एकेकाचं काम झालं, बहुतेक ठिकाणी नुसता रबरी वॉशर खराब होता. टाकीला आतून गिलावा केला. पार्किंगच्या नळाला मीटर बसवलं. पुढच्या दोन महिन्यांचा फरक ११५ वरून ३१ वर आला.

सोळा नंबरचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. मी आण्णांना म्हणाले, नळ थोडा मोठा सोडा, म्हणजे मीटर मोजेल. त्यांनी माझ्यासमोर चिंधी सोडली आणि नळ उघडला. डक्टमधली चांदणी फिरायला लागली. पिंपात पाणी दणदण पडत होतं आणि आण्णा नळाच्या चावीवर हात ठेवून उभे होते, एकदाही हात काढला नाही. दहा मिनिटांत पिंप भरलं. त्यांनी नळ घट्ट बंद केला, पुन्हा एकदा पिळला, आणि काठावर सांडलेलं ओंजळभर पाणी हातानं पिंपात लोटलं.

मी म्हटलं, राहू द्या. चिंधी बांधा.

आता दर दोन महिन्यांनी मीटर वाचायला गेले की डक्टमधला आकडा घेते, मग आत जाऊन भिंतीवरच्या रेघा मोजते. आण्णा कॅलेंडर काढून ठेवतात. परवाच्या वेळी मीटरवर २ होतं आणि रेघा ५७. वहीत सोळा नंबरपुढं मी ५.४ लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वही बघितली आणि म्हणाले, "साठ लिटरचं पिंप काठोकाठ भरत न्हाई मी, बाई. चार बोटं कमी असतंय." मी आकडा खोडला, लोट्यानं चार बोटांचं पाणी मोजलं आणि पुन्हा लिहिला.